लांब स्लॉट, अरुंद वाट

दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक बांधायला निघालेला माणूस आधी मदरबोर्डाचा फोटो बघतो. फोटोत दोन लांब स्लॉट दिसले, त्यांच्या कडा पोलादी पत्र्याने मढवलेल्या दिसल्या, की त्याचं ठरून जातं. पिंगुळीत राहून कुडाळ परिसरात संगणक जोडून देणारा एक तंत्रज्ञ मात्र त्या फोटोवर फार वेळ घालवत नाही. तो मोबाइलवर त्या बोर्डाची पुस्तिका उघडतो, विस्तार-स्लॉटांच्या पानावर जातो आणि बारीक अक्षरातली एक ओळ शोधतो. दुसऱ्या लांब स्लॉटला प्रत्यक्षात किती लेन, म्हणजे माहितीच्या किती वाटा, दिल्या आहेत, ते त्या ओळीत असतं. स्लॉटची लांबी सोळा लेनची असली तरी तिथे बहुतेक वेळा ‘एक्स४’ लिहिलेलं सापडतं. म्हणजे कार्ड बसेल, दिवे लागतील, पंखे फिरतील, पण माहितीची ये-जा पाव रस्त्यावरून होईल.

पिंगुळी हे कुडाळला लागून, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. बाहेरच्यांना ते ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांमुळे माहीत आहे. इथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावाचं नाव वर्तमानपत्रांत ठळक आलं. अशा गावात दोन-दोन ग्राफिक्स कार्डांचं काम कोणाला पडतं, असं वाटणं साहजिक आहे. या तंत्रज्ञाचं मूळ काम खरोखरच वेगळं होतं. ग्रामपंचायतींचे प्रिंटर, सेवा केंद्रांचे आणि झेरॉक्सच्या दुकानांचे संगणक, शाळांच्या प्रयोगशाळा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजेने उडालेले राउटर. मग लग्नांची शूटिंग फोर-के झाली. तारकर्ली-देवबागकडच्या रिसॉर्टांचे नकाशे काढणारे आर्किटेक्ट गिऱ्हाइकाला इमारतीत फिरवून आणणारी चित्रफीत दाखवू लागले. ड्रोन उडवणारे जांभ्याच्या चिरेखाणींचं घनफळ फोटोंवरून काढून देऊ लागले. या सगळ्यांचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, आणि एक कार्ड कमी पडलं की दुसरं सुचतंच.

ज्या कामाची ही हकिगत आहे ते दोघा भागीदारांचं होतं. मे महिन्यापर्यंत लग्नं आणि एरवी ड्रोनची मोजणी. त्यांच्याकडे आरटीएक्स ३०६० हे १२ जीबी मेमरीचं कार्ड होतं, तसंच दुसरं स्वस्तात मिळत होतं. बोर्डही त्यांनी मनाशी ठरवून आणला होता. फोटो पुढे सरकवत धाकट्याने विचारलं, “भाऊ, ह्या बोर्डार दोन कार्डां बसतत मा?”

“बसतत रे. पण धावतली काय? आधी सांग, काम खयच्या सॉफ्टवेअरात करतास?”

बोर्डाविषयी विचारलं की हा माणूस आधी सॉफ्टवेअरचं विचारतो. गिऱ्हाइकाला ही टाळाटाळ वाटते, पण खरी निवड तिथेच होते. व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवर एकच कार्ड वापरते. दुसरं कार्ड कामाला लावायचं तर पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते. ब्लेंडरचं सायकल्स हे इंजिन दोन्ही कार्डांना चित्राचा वाटा देतं आणि लांब रेंडरचा वेळ निम्म्याच्या जवळ आणतं. फोटोंवरून त्रिमितीय नमुना बांधणारं मेटाशेप अनेक कार्डं वापरतं, पण सगळ्या टप्प्यांवर नाही. फोटोंमधली समान ठिकाणं शोधणं आणि खोलीचे नकाशे काढणं कार्डांवर चालतं; मधल्या काही टप्प्यांत सगळा भार प्रोसेसरवर असतो आणि दोन्ही कार्डं बसून राहतात.

आणि गेम? गेमसाठी दोन कार्डं हा संपलेला विषय आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू-२ कार्डांची जोडी एकाच चित्राच्या ओळी आपसांत वाटून घ्यायची, एक सम ओळी आणि दुसरं विषम; त्याला एसएलआय म्हणत. पुढे त्या कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ साली एसएलआय हे जुनं नाव नव्या तंत्राला दिलं. एटीआयने २००५ साली क्रॉसफायर आणलं. त्या काळात बोर्ड निवडणं म्हणजे खोक्यावरचं एसएलआयचं चिन्ह बघणं होतं, कारण ठरावीक चिपसेट आणि परवाना असल्याशिवाय ड्रायव्हर दुसऱ्या कार्डाला दाद देत नसे. २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं, आणि २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर जोडणीचा कनेक्टरच ठेवला नाही. तरीही ‘एसएलआयवाला बोर्ड’ मागणारी पोरं अजून येतात. कोणीतरी जुना व्हिडिओ पाहिलेला असतो.

दुसरा गैरसमज मेमरीचा. १२ आणि १२ मिळून २४ जीबी झाले, असा हिशेब भागीदारांनी केलेला होता. रेंडरिंगमध्ये तसं होत नाही. प्रत्येक कार्ड अख्खं दृश्य आपापल्या मेमरीत ठेवतं, त्यामुळे १२ जीबीत न मावणारं दृश्य दोन कार्डांनीही मावत नाही. भाषेची मॉडेल घरच्या संगणकावर चालवणाऱ्यांचं गणित निराळं आहे. तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, आणि मग १२ अधिक १२ हे जवळपास २४ च्या कामाला येतात. एकाच जोडीचं उत्तर कामागणिक बदलतं, म्हणून आधी सॉफ्टवेअर.

त्यानंतर लेन मोजायच्या.

पिंगुळीत हे समजावणं सोपं जातं, कारण कळसूत्री बाहुली नाचवणारा हात सगळ्यांनी पाहिलेला असतो. बाहुल्या वाढवल्या म्हणून बोटं वाढत नाहीत. दोऱ्या तेवढ्याच असतात, त्या वाटून घ्यायच्या. प्रोसेसरकडेही पीसीआय एक्सप्रेसच्या लेन मोजक्या असतात आणि बोर्ड कितीही महाग घेतला तरी त्या वाढत नाहीत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच्या साध्या रायझन प्रोसेसरला २४ लेन: सोळा कार्डासाठी, चार एसएसडीसाठी आणि चार चिपसेटकडे जाणाऱ्या. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या नेहमीच्या प्रोसेसरला कार्डासाठी सोळा आणि एसएसडीसाठी चार. या सोळांचे आठ-आठ असे दोन भाग करणारा बोर्ड हाच दोन कार्डांचा बोर्ड. ज्या बोर्डावर पहिला स्लॉट सोळाच्या सोळा लेन धरून बसतो आणि दुसरा चिपसेटमागून चार लेन घेतो, तो एका कार्डाचाच बोर्ड. दुसरा स्लॉट साउंड कार्ड किंवा नेटवर्क कार्डासाठी ठीक.

फरक आकड्यांत दिसतो. चौथ्या पिढीच्या आठ लेनमधून एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी जातात. बी५५० चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवरचा दुसरा लांब स्लॉट तिसऱ्या पिढीच्या चार लेनचा, म्हणजे साधारण ४ जीबीचा. शिवाय ती वाट चिपसेटमधून जाते. सॅटा डिस्क, यूएसबी, लॅन आणि दुसरी एसएसडी ही सगळी मंडळी त्याच दारातून आत-बाहेर करतात. ड्रोनचे हजारो फोटो डिस्कवरून वाचत असताना दुसरं कार्डही त्याच दारात उभं असतं.

भागीदारांनी आणलेला बोर्ड याच जातीचा निघाला. कोणी सुचवला होता, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानेही खोदून विचारलं नाही. खोकं उघडलेलं नव्हतं, एवढं बरं.

चिपसेटच्या नावावरून बराचसा अंदाज येतो, पण सगळा नाही. इंटेलच्या झेड६९० ला प्रोसेसरच्या सोळा लेन आठ-आठ वाटण्याची परवानगी आहे, बी६६० ला नाही. पण परवानगी असणं आणि निर्मात्याने तशा तारा ओढणं या वेगळ्या गोष्टी. झेड६९० चे कित्येक स्वस्त बोर्ड दुसरा स्लॉट चिपसेटवरच ठेवतात, कारण लेन वाटायला जास्तीच्या स्विच-चिप लागतात आणि खर्च वाढतो. उलट बी५५० वरही आठ-आठ देणारे मोजके बोर्ड निघाले आहेत. असूसचा प्रोआर्ट बी५५०-क्रिएटर हे त्यातलं ठळक नाव. अलीकडच्या काही बोर्डांवर आणखी एक मेख आहे. पाचव्या पिढीच्या एसएसडीसाठी दिलेला एम.२ स्लॉट वापरला, की पहिल्या कार्डाच्या आठ लेन तिकडे वळतात. हेही पुस्तिकेतल्या तळटीपेतच लिहिलेलं असतं.

प्रोसेसरही तपासावा लागतो. याचा जुना आणि चांगला दाखला २०१४ चा. एक्स९९ च्या बोर्डांवर चार-चार लांब स्लॉट असत. त्यात कोअर आय७-५९३०के बसवला तर ४० लेन मिळत, आणि थोड्या स्वस्त ५८२०के ला २८ च. बोर्ड तोच, खोकं तेच, पण स्लॉटांची वाटणी वेगळी. आजच्या काळात हीच गोष्ट आतच ग्राफिक्स असलेल्या रायझनबाबत घडते. ८७००जी कार्डासाठी आठ लेन देतो आणि ८५००जी फक्त चार. घरी हिशेबाला, अभ्यासाला असा प्रोसेसर उत्तम. दोन कार्डांच्या यंत्रात त्याला जागा नाही.

कार्डालाही किती लेन लागतात ते बघावं. ३०६० सोळा लेनचं आहे. ४०६० आणि ४०६० टीआय ही कार्डं मुळातच आठ लेनची, त्यामुळे आठ-आठच्या बोर्डावर त्यांचं काहीच जात नाही. सोळाच्या कार्डाला आठ दिल्या तरी रेंडरिंगमध्ये फरक नजरेत भरत नाही, कारण दृश्य एकदा मेमरीत चढलं की काम कार्डाच्या आतच चालतं. वाट अरुंद असल्याचा त्रास माहिती सतत वाहत असेल तिथे होतो.

अशा सतत वाहणाऱ्या माहितीचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला आहे. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. आधी ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा बघायची; सुधारणेनंतर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. अँटेनांकडून येणारे संकेत आकड्यांत उतरवून वेगवान नेटवर्कवरून सर्व्हरांकडे जातात आणि तिथली ग्राफिक्स कार्डं त्यांची फोड करून एकमेकांशी मेळ घालतात. त्या सर्व्हरांमध्ये प्रत्येकी दोन टेस्ला के४० कार्डं बसवली गेली. अँटेनाचा संकेत थांबत नाही, साठून राहत नाही. आला तसा पचवायचा. कार्डांखेरीज त्याच पेटीत वेगवान नेटवर्कची कार्डंही लागतात आणि त्यांनाही लेन हव्यात. म्हणून तिथे दोन झिऑन प्रोसेसरांचे सर्व्हर येतात, ज्यांच्या प्रत्येक प्रोसेसरला ४० लेन असतात. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा संगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला. त्याच्या एकेका यंत्रात आठ कार्डं आहेत, आणि ती एकमेकांशी बोलताना पीसीआय एक्सप्रेसवर अवलंबून न राहता स्वतंत्र स्विचमधून बोलतात.

याच्या अगदी उलट टोकाला आभासी नाणी ‘खणणारे’ बोर्ड. २०१७ साली असूसने १९ स्लॉटचा बी२५० मायनिंग एक्स्पर्ट काढला होता. तिथे कार्डाला एक लेन पुरायची, कारण आत-बाहेर जाणारी माहिती नगण्य असते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने खणण्याची पद्धत सोडली आणि तसे बोर्ड, तशी कार्डं जुन्या बाजारात आली. स्वस्त आणि भरपूर स्लॉट म्हणून कोणी रेंडरिंगसाठी असा बोर्ड घेऊ पाहिला, तर हा तंत्रज्ञ सरळ नको म्हणतो. खणकामातून आलेल्या कार्डांना मात्र तो सरसकट नाकारत नाही. पंखे फिरवून बघतो, थर्मल पेस्ट बदलतो आणि तासभर भार देऊन ठेवतो.

लेन जमल्या की पट्टी घेऊन मोजायचं. दोन शेजारच्या स्लॉटांत २०.३२ मिलिमीटर अंतर असतं. कार्ड दोन स्लॉट जाडीचं असेल आणि दोन लांब स्लॉट तीन घरांच्या अंतरावर असतील, तर वरच्या कार्डाच्या पंख्याखाली साधारण दोन सेंटिमीटर जागा मोकळी राहते. कार्ड अडीच स्लॉटचं झालं की ती जागा निम्मी. वरचं कार्ड मग खालच्याचा गरम श्वास ओढत बसतं, आणि एप्रिल-मेच्या कुडाळात खोलीतली हवाच तापलेली, दमट असते. चार घरांचं अंतर चांगलं, पण तेव्हा खालचं कार्ड बोर्डाच्या तळाशी जातं आणि पुढच्या पॅनेलच्या वायरी, यूएसबीच्या पिना त्याच्याखाली दबतात. अगदी शेवटच्या, सातव्या घरात दोन घरं जाडीचं कार्ड घालायचं तर कॅबिनेटला मागे आठ खिडक्या हव्यात. साध्या कॅबिनेटला सातच असतात. कागदावर सगळं जुळलेला बोर्ड इथे परत पाठवावा लागतो.

भागीदारांसाठी शेवटी एक्स५७० चिपसेटचा, आठ-आठ वाटणीचा आणि तीन घरं अंतराचा बोर्ड ठरला. सोबत १२ कोअरचा रायझन ९ ५९००एक्स, कारण मेटाशेपचे मधले टप्पे प्रोसेसरवर चालतात. थ्रेडरिपर घ्यावा का, हा प्रश्न थोरल्याने काढला होता. त्या प्रोसेसरांकडे साठाहून जास्त लेन असतात, चार कार्डंही आरामात बसतात. पण तो बोर्ड आणि प्रोसेसर मिळून जी किंमत होते, तीत त्यांचा नवा ड्रोन आला असता. दोन मध्यम कार्डांसाठी तो खर्च या तंत्रज्ञाला पटला नाही, आणि आठ लेन पुरतात हे आकड्यांवरून दिसत असताना तो पटण्यासारखा नव्हताही.

वीज हा कोकणात वेगळाच विषय. एकेक कार्ड १७० वॉटचं. १०५ वॉटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर पूर्ण भाराला १४२ वॉटपर्यंत ओढतो. बेरीज पाचशेच्या घरात जाते, वर डिस्क आणि पंखे. म्हणून ८५० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय, आणि दोन्ही कार्डांना स्वतंत्र केबल. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. लाईट गेली की तो यंत्र वाचवण्याआधीच बसतो. अर्थिंगचं तर विचारूच नका. जांभ्याच्या कातळात खड्डा घ्यायचा म्हणजे कटकट, म्हणून कित्येक घरांत तिसरी पिन नावालाच असते. ती तपासल्याशिवाय हा माणूस यंत्र सुरू करून देत नाही. पावसाळ्यात राउटर दुरुस्त करून करून लागलेली ही सवय.

जोडणी झाल्यावर बायॉसमध्ये ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ चालू करायचं आणि स्लॉटांची वाटणी आठ-आठ किंवा ऑटोवर आहे ना ते बघायचं. मग जीपीयू-झेड उघडून दोन्ही कार्डांपुढे ‘एक्स८ ४.०’ दिसतंय का ते तपासायचं. इथे नवखे घाबरतात, कारण कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला जोडणी खालच्या वेगावर उतरते आणि खिडकीत ‘१.१’ दिसतं. भार दिला की आकडा वर चढतो. भार देऊनही चढला नाही, तर आधी कार्ड काढून नीट बसवायचं. कार्ड दुसरीकडे नेणारी रायझर केबल लावली असेल तर तीही बघायची. तिसऱ्या पिढीची केबल चौथ्या पिढीच्या वेगाला वरचेवर चुका करते.

त्या यंत्राने मोठ्या खाणीच्या फोटोंमधून खोलीचे नकाशे काढण्याचा टप्पा पूर्वीपेक्षा बराच लवकर उरकायला सुरुवात केली. लग्नाच्या एडिटिंगला मात्र दुसऱ्या कार्डाचा उपयोग झाला नाही, कारण रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीच चालू होती. स्टुडिओ आवृत्ती पुढच्या हंगामात घेऊ, असं दोघं म्हणाले. हे त्यांना आधी सांगितलेलं होतं, म्हणून तक्रार आली नाही.

या परिसरात अशा यंत्रांची गरज वाढणार आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. सड्यावरच्या त्या रेषा ड्रोनने आणि फोटोंनी नीट नोंदवायच्या तर कामाचा पसारा मोठा आहे. पण म्हणून प्रत्येकाने दोन कार्डं घ्यावीत असं नाही. सॉफ्टवेअर एकच कार्ड वापरत असेल, किंवा अडचण मेमरीची असेल, तर तेवढ्याच पैशात एक मोठं कार्ड हेच योग्य. त्याला साधा बोर्ड, लहान पॉवर सप्लाय आणि साधं कॅबिनेट चालतं. गेम खेळणाऱ्याला तर हा तंत्रज्ञ दोन कार्डं विकतच नाही.

आणि ज्यांना खरंच दोन हवीत, त्यांना तो सांगतो, “पयली पुस्तिका वाच, मगे पैसे दी.” बोर्डाची पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट मिळते. तिच्यातलं स्लॉटांचं पान उघडा. तिथे ‘एक्स८/एक्स८’ लिहिलेलं नसेल, तर फोटोत कितीही लांब स्लॉट दिसोत, तो बोर्ड घेऊ नका.